मोठा बिस्मथ क्रिस्टल का जमेना: नेरूळमधलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण नवी मुंबईत नेरूळच्या एका सिडको रो-हाऊसमधलं आहे. ज्यांचं आहे त्यांना विचारूनच लिहितोय, पण नावं नकोत असं ठरलं, म्हणून इथे ते फक्त मामा आणि भाची. मामा टीटीसी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात टूलरूमला, म्हणजे साचे-हत्यारं बनवायच्या विभागात होते, आता रिटायर. भाची ऐरोलीला राहते, अकरावी सायन्स, शनिवार-रविवार ट्रान्स हार्बरची लोकल पकडून मामाकडे. घराच्या मागे पत्र्याची शेड आहे, तिथे मामांचा वाइस, ग्राइंडर, जुनी कॉइलची हॉटप्लेट वगैरे. मी शेजारी, काम इन्स्ट्रुमेंटेशनचं, तापमान मोजायचं सामान माझ्याकडे असतं म्हणून यात ओढला गेलो आणि मग मलाच ते सोडवेना.

ज्यांना बिस्मथ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. शिशासारखा जड धातू, आवर्त सारणीत शिशाच्या लगेच पुढे, क्रमांक ८३, पण शिशाइतका विषारी नाही, पोटाच्या काही औषधांत त्याची संयुगं असतात. २७१ डिग्रीला वितळतो म्हणजे घरच्या शेगडीवर होतो. हळू गोठवला आणि उरलेला पातळ धातू वेळेवर ओतून टाकला की आत चौकोनी पायऱ्यापायऱ्यांचे क्रिस्टल मिळतात. वाढताना कडा आणि कोपरे पुढे पळतात, मधली सपाट बाजू मागे राहते, त्यामुळे त्या पायऱ्या. आणि रंग म्हणजे रंगद्रव्य नाहीच, गरम क्रिस्टल हवेत आला की त्यावर ऑक्साइडचा अगदी पातळ थर बसतो आणि पावसात रस्त्यावर सांडलेल्या डिझेलवर जसे रंग दिसतात तसे त्या थरामुळे दिसतात. थर जाड होत जाईल तसा आधी सोनेरी, मग जांभळा, निळा, पुढे परत पिवळट, गुलाबी, हिरवट.

भाचीने पहिला एक किलो ऑनलाइन मागवला होता, चांगल्या प्रतीचा. छोट्या स्टीलच्या भांड्यात वितळवून, वरची मळी काढून, कडा गोठायला लागल्यावर ओतलं आणि पहिल्याच फटक्यात नखाएवढे, रंगीत, धारदार पायऱ्यांचे क्रिस्टल. ते मी हातात घेऊन पाहिलेत, फार सुंदर होते. पण एक किलो बिस्मथ म्हणजे जेमतेम शंभर मिली. एवढ्याशा धातूत मोठं काय वाढणार? तिला मुठीएवढा हवा होता.

अडचण

साहजिकच पुढचा विचार जास्त माल आणायचा. त्यात २०२५ च्या फेब्रुवारीत चीनने टंगस्टन, टेल्युरियम, मॉलिब्डेनम, इंडियमसोबत बिस्मथच्या निर्यातीवरही निर्बंध आणले आणि भाव भडकले, ऑनलाइनचे आकडे बघून भाची गप्पच झाली. मामा म्हणाले थांब, मी बघतो, आणि गुलालवाडी-किका स्ट्रीटकडच्या धातूबाजारातून ओळखीने एकूण पाच किलोच्या लाद्या घेऊन आले. भाव बराच कमी. बिल नाही, टेस्ट सर्टिफिकेट नाही, विकणाऱ्याने सांगितलं बिस्मथ आहे आणि दिसायलाही बिस्मथच.

आता एवढा माल मावेल असं स्टीलचं भांडं शेडमध्ये नव्हतं. मामींचं एक जाड बुडाचं पितळी पातेलं माळ्यावर होतं, आतून कल्हई केलेलं. जाड भांडं उष्णता धरून ठेवेल, हळू गोठेल, असा हिशोब करून मामांनी ते घेतलं.

निघालं काय, तर राखाडी, रवाळ, मंद चमकेचा गोळा. पायऱ्या नाहीत, रंग नाही. ओतायला गेले तर धड ओतलंही जाईना, मधला भाग धड पातळ नाही धड घट्ट नाही. परत वितळवलं, पातेलं जुन्या गोधडीत गुंडाळून हळू गोठवलं, तरी तेच. आणि एक गोष्ट भाचीने बरोबर टिपली होती, तिचे शब्द असे, "काका, कडेने कधीचं घट्ट झालंय, पण सळई खुपसली की आत अजून ओलं लागतं, आणि भांडं तर केवढं गार झालंय." मला तिथेच वाटलं की इथे काहीतरी वेगळं आहे, कारण शुद्ध धातू एका तापमानाला गोठतो, असा रेंगाळत नाही.

काय काय पर्याय होते

इथे प्रत्येकाचं मत वेगळं होतं.

मामांचं म्हणणं माल कमी पडतोय, अजून पाच किलो घालू, जास्त मालात आपोआप मोठे क्रिस्टल येतील. हे तत्त्व म्हणून चूक नाही, जास्त धातू म्हणजे जास्त वेळ आणि जास्त जागा. पण जे एक किलोत जमलं होतं ते पाच किलोत बिघडलं होतं, म्हणजे वजन कमी पडणं हे कारण असूच शकत नव्हतं.

भाचीला वाटत होतं कल्हईमुळे झालं. तिचा तर्क चांगला होता, कल्हई म्हणजे कथील, कथील २३२ डिग्रीलाच वितळतं, म्हणजे बिस्मथ वितळायच्या आधीच कल्हई सुटून त्यात मिसळणार. हे ऐकून मामींचा जीव वर-खाली. "अहो, ते पातेलं माझ्या आईचं आहे, विचारायचं तरी," एवढंच त्या मामांना म्हणाल्या आणि आत गेल्या.

तिसरा पर्याय, माल परत करायचा. बिल नसताना कोण घेतो. आणि चौथा, मी सुचवलेला, की पैसे टाकायच्या आधी नक्की काय बिघडलंय ते मोजू. भाचीला हे पटलं, मामांना वेळ घालवणं वाटलं, पण तिच्या आग्रहापुढे त्यांनी मान तुकवली. माझ्या मते या अख्ख्या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय हाच, कारण अजून पाच किलो आणले असते तर बिघडलेल्या पाच किलोचे बिघडलेले दहा किलो झाले असते.

काय केलं: आधी मोजमाप

पद्धत साधी आहे आणि कोणालाही जमेल. के टाइपचा थर्मोकपल प्रोब (तापमान मोजायची तारेची सळी) आणि मीटर, दोन्ही मुंबईत लॅमिंग्टन रोडला सहज मिळतात. प्रोब पातळ स्टीलच्या नळीत घालून धातूत बुडवायचा, शेगडी बंद करायची, आणि दर अर्ध्या मिनिटाला आकडा वहीत लिहायचा. मग आलेखाच्या कागदावर वेळ आडवा, तापमान उभं.

शुद्ध धातू असेल तर रेघ खाली येते, गोठणबिंदूला येऊन आडवी होते, सगळा धातू गोठेपर्यंत तशीच आडवी राहते, आणि मग परत उतरते. भेसळ असेल तर तिथे अशी आडवी रेघ मिळतच नाही. गोठणं २७१ च्या खालीच सुरू होतं, रेघ तिरकी घसरत राहते, कारण आधी बिस्मथ गोठून बाजूला होतो आणि उरलेल्या पातळ भागात भेसळीचं प्रमाण वाढत जातं, आणि शेवटी अगदी खाली एक थांबा येतो. बिस्मथ-कथील असेल तर तो थांबा १३८ च्या आसपास. बिस्मथ-शिसं असेल तर १२५ च्या आसपास. तिन्ही असतील तर ९६ च्या जवळ. म्हणजे कशाची भेसळ आहे हेही रेघच सांगते.

तीन नमुने घेतले. एक, पहिल्या किलोतले उरलेले तुकडे. दोन, पातेल्यातला बिघडलेला धातू. आणि तीन, बाजारातल्या लाद्यांपैकी एक तुकडा जो पातेल्यात मावला नाही म्हणून बाहेरच राहिला होता. हा तिसरा नमुना होता म्हणून उत्तर मिळालं, नाहीतर लाद्या की कल्हई यावर नुसता वाद होत बसला असता. तिन्ही वेगवेगळ्या स्वच्छ स्टीलच्या वाट्यांत.

पहिल्या नमुन्याची रेघ सुरेख. जरा खाली डुबकी, मग एकदम वर उडी, आणि २६९ वर आडवी. पुस्तकात २७१ आणि मीटरवर २६९ म्हणजे आमचा मीटर दोन डिग्री कमी दाखवतो, तेवढं पुढे सगळीकडे धरून चाललो.

दुसऱ्याची रेघ दुरुस्ती धरून २६१ ला वाकली, घसरत गेली, आणि १३८ ला स्पष्ट थांबली. तिथे भाची जोरात ओरडली, "कथीलच आहे!" आणि मामींकडे बघून तिचा चेहरा पडला.

पण तिसरा नमुना बाकी होता. त्या तुकड्याने पातेलं पाहिलेलंच नव्हतं, तरी तो २६२ ला वाकला आणि १३८ लाच थांबला. म्हणजे कथील लाद्यांतच होतं. मग हिशोब करून पाहिला. गोठणबिंदू नऊ डिग्री खाली यायला वजनाने दोन-अडीच टक्के कथील लागतं, पाच किलोत सव्वाशे ग्रॅमच्या आसपास. पातेल्याची कल्हई सगळी खरवडली तरी दहा-पंधरा ग्रॅमच्या वर जात नाही. कल्हईने भर घातली हे खरं, पण मूळ दोष मालाचा. विकणाऱ्याने मुद्दाम फसवलं असंही मी म्हणणार नाही, कमी तापमानाला वितळणाऱ्या मिश्रधातूंत आणि सोल्डरमध्ये बिस्मथ-कथील सर्रास असतं, त्याचा स्क्रॅप बिस्मथ म्हणून फिरत असेल.

९६ ला काही थांबा दिसला नाही, म्हणजे शिसं फारसं नसावं. पण फारसं नसणं वेगळं आणि अजिबात नसणं वेगळं, त्यामुळे मी तिथेच सांगितलं की ते पातेलं आता परत कल्हई करूनही स्वयंपाकाला घ्यायचं नाही. मामींना वाईट वाटलं. मलाही वाटलं, कारण पितळी भांड्याला पुन्हा कल्हई करून वापरायची आपली सवय असते आणि इथे ती चालणार नव्हती.

पुढचा निर्णय: धुवायचं की नवं घ्यायचं

बिघडलेला धातू घरी साफ करता येतो, त्यालाच आम्ही धुणं म्हणतो, आणि त्याची युक्ती क्रिस्टलच्याच पद्धतीत आहे. गोठलेल्या बिस्मथमध्ये कथील जवळजवळ शिरत नाही, ते पातळ भागात राहतं. म्हणून हळू गोठवायचं, अर्ध्यावर पातळ भाग ओतून टाकायचा, घट्ट राहिलं ते परत वितळवायचं. असं करत गेलं की दर फेरीला माल शुद्ध होतो आणि कमीही होतो. भाचीने हे नेटाने केलं आणि वाकण्याचं तापमान २६२ वरून २६७ वर आणलं. हातात साधारण निम्मा माल उरला आणि त्यातून बऱ्यापैकी पायऱ्या दिसायला लागल्या, तरी धारा बोथट. खाचाखोचांत अडकलेलं पातळ कथीलवालं मिश्रण पूर्ण निथळत नाही, त्यामुळे प्रत्येक फेरीत थोडी घाण सोबत येतेच.

मग घरातल्यांनी मिळून ९९.९९ टक्क्यांचा पाच किलो माल सर्टिफिकेटसकट घेतला, भाचीच्या वाढदिवसाचं आणि दिवाळीचं एकत्र. इथे मामांनी एक प्रस्ताव टाकला, धुतलेला माल यात घालू, तेवढंच वजन वाढेल. भाची ठाम नाही म्हणाली. मामा तिला अजून लहान समजतात, पण त्या दिवशी तिने वहीतला आलेख त्यांच्यासमोर ठेवला आणि म्हणाली, "मामा, तू जॉबवर चुकीचं स्टील कधी घेतलं असतंस का?" विषय संपला.

एक निर्णय मात्र पूर्णपणे मामांचा आणि तो शंभर टक्के बरोबर होता. माल जुलैमध्ये आला आणि त्यांनी पाऊस संपेपर्यंत हात लावू दिला नाही. शेडमध्ये दमट हवा, पळी रात्रभर पडून असली की तिच्यावर ओल धरते, वरून पत्रा एखाद्या ठिकाणी गळतोच. वितळलेल्या धातूखाली पाण्याचा एक थेंब सापडला तर त्याची क्षणात वाफ होते, आकारमान हजारपटीहून जास्त, आणि ती धातू अंगावर उडवते. पाऊस नसतानाही त्यांचा नियम असा की सळई, पळी, ट्रे, सगळं आधी हॉटप्लेटच्या कडेला तापवायचं आणि मगच धातूजवळ न्यायचं. जमिनीवर कोरड्या वाळूचा ट्रे, पायात बंद बूट, चामड्याचे हातमोजे, चेहऱ्यावर शील्ड. सुती कपडे.

काय केलं: उष्णता कुठून जाऊ द्यायची

भाचीची पहिली पद्धत ओतण्याची होती. पाच किलो गरम धातू पकडीने उचलून ओतायचा म्हणजे दोन माणसं, आणि हात हलला की संपलं. मामा म्हणाले भांडं जागेवर राहू दे, क्रिस्टलच वर उचलू. मला ते लगेच आवडलं, कारण त्यात धोका कमी आणि क्रिस्टल भिंतीला न चिकटता मधे वाढतो.

मामांनी स्टीलचं अकरा सेंटीमीटर रुंदीचं उभट भांडं घेतलं, पाच किलो माल त्यात पाचेक सेंटीमीटर उंचीला येतो. बाजूने उष्णता अडवणाऱ्या सिरॅमिक ब्लँकेटचे वेढे. खाली हॉटप्लेट अगदी मंद. वर दोन अर्ध्यांचं स्टीलचं झाकण, मधोमध भोक, भोकातून स्टीलची सळई, आणि सळईच्या टोकाला तारेने बांधलेला पहिल्या किलोतला एक छोटा स्वच्छ क्रिस्टल, बी म्हणून. उद्देश एकच की भिंती आणि तळ उबदार राहावेत आणि उष्णता मधल्या भोकाकडूनच जावी, म्हणजे गोठणं बीपासून सुरू होईल.

वेळेचा अंदाज घ्यायला आधी बी न घालता एकदा पूर्ण गोठू दिलं. पाच किलो बिस्मथ गोठताना साधारण २७० किलोज्यूल उष्णता बाहेर टाकतो, तेवढाच धातू खोलीच्या तापमानापासून वितळणबिंदूपर्यंत तापवायला लागते त्याच्या जवळजवळ दुप्पट. त्यात ती बाजूंनी अडवलेली, म्हणून उघड्या भांड्यात वीसेक मिनिटांत संपणारं काम इथे आडव्या रेघेवर सव्वा तास चाललं. हा सव्वा तास कळला की कधी उचलायचं हा प्रश्न बराच सुटतो, उष्णता एकसारखी जात असेल तर रेघेच्या निम्म्या वेळात साधारण निम्मा धातू गोठलेला असतो.

बी बुडवायची वेळ मात्र नाजूक. आकडा जरा जास्त असताना बुडवलं तेव्हा बी वितळून सळईवरून नाहीसं झालं. पुढच्या वेळी रेघ आडवी होतेय असं दिसल्यावर, वरची साय सळईने बाजूला सारून, बी नुसतं टेकवलं. ते राहिलं.

निकाल

पस्तीस-चाळीस मिनिटांनी मामांनी झाकणाचे दोन्ही अर्धे बाजूला केले आणि भाचीने सळई वर घ्यायला सुरुवात केली. सावकाश, आणि थोडी तिरकी करत, कारण सरळ उचललं तर प्रत्येक पायरीत पातळ धातूचं डबकं राहतं आणि ते गोठून धारा बुजवतं. पृष्ठभाग फोडून जे वर आलं ते आधी पूर्ण चांदीसारखं पांढरं होतं. मग आमच्या डोळ्यांसमोर कडांवरून सोनेरी चढत गेलं, आतल्या पायऱ्या जास्त वेळ गरम राहिल्या म्हणून तिथे जांभळा आणि निळा. मामी दारात उभ्या राहून बघत होत्या, त्या म्हणाल्या, "अगं हे तर पैठणीचे रंग."

रुंदी साडेसहा सेंटीमीटर, वजन साडेचारशे ग्रॅमच्या आसपास, सगळ्यात बाहेरची पायरी बोटाच्या पेरापेक्षा मोठी. मुठीएवढा नाही झाला. एका कोपऱ्यात दुसरा क्रिस्टल घुसलाय, त्यामुळे एकसंध एकच म्हणता येणार नाही. पण कल्हईच्या पातेल्यातला राखाडी गोळा शेजारी ठेवला की फरक बोलायची गरज पडत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

बाजारातून पाच किलो उचलण्याआधी शंभर ग्रॅमचा तुकडा आणून त्याचीच रेघ काढली असती तर पातेलंही वाचलं असतं आणि पैसेही. एक संध्याकाळ लागते. कोणी घरी हे करणार असेल तर माझं पहिलं सांगणं हेच, सर्टिफिकेट असलं तरी करा.

भांड्याच्या बाबतीत स्टीलच. कल्हईचं नको, आणि ज्यात पुन्हा अन्न शिजवायचंय असं कुठलंच नको.

धुण्याच्या फेऱ्या किती करायच्या याबद्दल मामांचं आणि माझं अजून एकमत नाही. त्यांना वाटतं चिकाटीने २७० पर्यंत नेता आलं असतं. मला वाटतं २६७ नंतर हातात उरणारा धातू इतका कमी होता की त्यातून मोठं काही निघालंच नसतं. भाचीने निथळलेलं कथीलवालं मिश्रण वेगळ्या डब्यात लेबल लावून ठेवलंय, मामा ते वेड्यावाकड्या जॉबना, म्हणजे घडवायच्या तुकड्यांना, मशीनवर धरून ठेवायला ओततात, कमी तापमानाला वितळतं म्हणून त्या कामाला उत्तम.

आता मुठीएवढ्यासाठी तिला भांडं जास्त खोल हवंय. पाच किलोवर तेवढी खोली मिळवायची तर भांडं अरुंद करावं लागेल आणि मग क्रिस्टल भिंतीला टेकेल, म्हणजे अजून तीन-चार किलो शुद्ध माल आलाच. शिवाय सळई हाताने उचलताना येणारा थरथराट टाळायला मामा जुन्या ड्रिल स्टँडची रॅक आणि हँडल वापरून उचलायचं साधन बनवतायत. हाताला लागणारं हँडल तयार झालंय, पकड बसवायची राहिलीये.